मोहरीचा ठसका आणि ढालकिडा

मी मराठी साहित्य शिकवते. किड्यांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही हा लेख लिहिते आहे, कारण एका शब्दाच्या अर्धवट ज्ञानापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती समजून घेताना जे वाचले, पाहिले आणि जाणकारांना विचारले, ते भाषेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही जाणून घ्यावे असे मला वाटते.

ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला माझ्या माहेरची थोडी जमीन आहे. वडिलांच्या पश्चात ती बटईने दिलेली आहे. हिवाळ्यात तिथे मोहरी असते. अर्थात या भागात तिला मोहरी कोणी म्हणत नाही. शेतात ती ‘सरसों’ असते आणि आमच्या स्वयंपाकघरात आली की मोहरी होते. काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या अखेरीस बटईदाराने फोनवर एक छायाचित्र पाठवून विचारले, “दीदी, ये मगरमच्छ जैसे कीड़े कौन से हैं? माहू के साथ-साथ पूरे खेत में हैं।”

माहू म्हणजे मराठीतला मावा, एवढे मला ठाऊक होते. छायाचित्रात फुलोऱ्याच्या शेंड्यावर माव्याचा दाट थर होता आणि त्यावर करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, शेपटीकडे निमुळती होत गेलेली सहा पायांची एक अळी. खरोखरच इवलीशी मगर. मी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, “अळी आहे. फवारून टाका.” त्याने दुसऱ्याच दिवशी फवारले.

पुढे तेच छायाचित्र मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सहज दाखवले. तो आता कृषी महाविद्यालयात शिकतो. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “मॅडम, ही ढालकिड्याची अळी आहे. ही पीक खात नाही, मावा खाते.” तोवर शेतात मावा परत आलेला होता. त्याला खाणारे मात्र परतले नव्हते.

नावांमध्ये काय दडले आहे

मावा हा टाचणीच्या डोक्याएवढा मऊ अंगाचा किडा. सुईसारखी सोंड कोवळ्या देठात खुपसून तो रस शोषतो. मोहरीवरच्या माव्याचे शास्त्रीय नाव लिपाफिस एरिसिमी. थंडीत, विशेषतः ढगाळ हवेत, त्याची संख्या भराभर वाढते, कारण त्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले घालतात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवाला शेतकरी चिकटा म्हणतात. त्यावर काळी बुरशी धरली की झाड काजळल्यासारखे दिसते.

ढालकिडा त्याचा भक्षक. पाठीवरच्या घुमटाकार कवचामुळे त्याला हे नाव मिळाले. कृषी पुस्तिकांत त्याला चित्रांग भुंगेराही म्हणतात. इंग्रजीतल्या ‘लेडीबर्ड’मधली ‘लेडी’ म्हणजे येशूची माता मरियम. तिच्या सात दुःखांची खूण युरोपातल्या लोकांनी या किड्याच्या पाठीवरच्या सात ठिपक्यांत पाहिली. आपल्या मोहरीत दिसतो तोही हाच सात ठिपक्यांचा, कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा. त्याची मादी पानावर पिवळ्या अंड्यांचे पुंजके उभे लावते. त्यांतून निघणारी अळी चार अवस्थांतून वाढते, पानाला चिकटून कोष करते आणि मग ठिपक्यांचा भुंगेरा बाहेर पडतो. एकेक अळी वाढीच्या काळात काही शे मावा फस्त करते.

लाल, गोजिरवाणा भुंगेरा सगळ्यांना ओळखता येतो. पण सर्वांत अधाशीपणे मावा खाणारी त्याची अळी कोणाला ओळखता येत नाही. मराठीत ‘अळी’ हा शब्दच मुळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. घाटेअळी, बोंडअळी, लष्करी अळी, खोडअळी: अळी म्हटली की नुकसान. हिंदीतल्या ‘इल्ली’चीही हीच गत. त्या दिवशी मी किडा पाहिलाच नाही, फक्त शब्द ऐकला.

चूक लक्षात आल्यावर माझी समजूत झाली की गोष्ट साधी आहे: मावा शत्रू, ढालकिडा मित्र, फवारणी टाळली की काम झाले. वाचन वाढले तसे कळले की या गोष्टीतले तिसरे पात्र मी गृहीतच धरले होते. ते पात्र म्हणजे खुद्द मोहरीचे झाड.

फेसलेल्या मोहरीचे रसायन

हे समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. आपले स्वयंपाकघर पुरे. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते तेव्हा खमंग वास येतो, पण ठसका लागत नाही. तीच मोहरी थोडे पाणी घालून फेसली की चढते आणि नाकाला झोंबते. दाणा तोच, मग हा फरक का?

मोहरीच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे साठवलेली असतात. सिनिग्रिन हे त्यांतले एक. ही संयुगे स्वतः फारशी झोंबरी नसतात. शेजारच्या वेगळ्या पेशींत मायरोसिनेज नावाचे विकर असते. जोवर पेशी शाबूत आहेत, तोवर दोघांची भेट होत नाही. दाणा चिरडला आणि पाणी मिळाले की विकर त्या संयुगांना फोडते आणि आयसोथायोसायनेट ही तिखट, उडून जाणारी द्रव्ये तयार होतात. तीच आपल्या नाकात चढतात. फोडणीत मात्र उष्णतेने विकरच निकामी होते, म्हणून ठसका तयार होत नाही.

झाडाने ही व्यवस्था अर्थातच आपल्या कोशिंबिरीसाठी केलेली नाही. पान कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडातच मोहरी फेसली जावी, यासाठी ती आहे. शास्त्रज्ञ तिला ‘मोहरीच्या तेलाचा बॉम्ब’ म्हणतात.

मावा या बॉम्बला चुकवतो. तो पान चावत नाही. त्याची बारीक सोंड पेशी न फोडता त्यांच्या मधून वाट काढते आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नलिकेपर्यंत पोहोचते. तिथून तो रस पितो आणि रसाबरोबर न फुटलेली ग्लुकोसिनोलेटही त्याच्या पोटात जातात. अनेक प्रकारच्या झाडांवर जगणारा मावा ती चिकट्यातून बाहेर टाकतो. मोहरी-कोबीच्या कुळावरच जगणाऱ्या माव्याची तऱ्हा वेगळी आहे. तो ती अंगात साठवतो आणि विशेष म्हणजे त्याच्या शरीरात स्वतःचे मायरोसिनेजही असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात कोबीवरच्या माव्यात आणि आपल्या मोहरीवरच्या माव्यात अशी दोन खात्यांची रचना आढळली: विकर डोक्याच्या व छातीच्या स्नायूंत, ग्लुकोसिनोलेट शरीरातल्या द्रवात. झाडाने आपली शस्त्रे वेगवेगळ्या कोठ्यांत ठेवली, तशीच माव्यानेही ठेवली.

आता ढालकिड्याची अळी असा मावा पकडून चिरडते, तेव्हा काय होणार? मोहरी फेसली जाते, पण झाडाच्या मित्राच्या तोंडात.

२००८ साली ब्रिटनमधल्याच संशोधकांनी हे तपासले. त्यांनी कोबीवरचा मावा काळ्या मोहरीवर, तसेच सिनिग्रिन घातलेल्या आणि न घातलेल्या कृत्रिम खाद्यावर वाढवला आणि तो दोन जातींच्या ढालकिड्यांच्या नवजात अळ्यांना दिला. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या अळ्या सिनिग्रिनवाला मावा खाऊन जगू शकल्या नाहीत. सात ठिपक्यांच्या अळ्या जगल्या, पण त्यांची वाढ खुंटली आणि पुढच्या अवस्थेत जायला त्यांना अधिक वेळ लागला. पंख फुटलेल्या माव्यात हा साठा बराच कमी असतो, हेही याच सुमाराच्या संशोधनातून दिसले. म्हणजे एकाच झाडावरचे सगळे भक्ष्यही सारखे नसते.

वाढीला लागणाऱ्या वेळाला इथे फार महत्त्व आहे. ढालकिडा माव्याच्या मागून येतो. आधी मावा वाढतो, मग त्याच्या वासावर आणि चिकट्यावर भुंगेरे येतात, मग अंडी, मग अळ्या. तेवढ्या अवधीत मावा कित्येक पटींनी वाढलेला असतो. ही शर्यत आधीच विषम. तीत अळीची वाढ झाडाच्याच विषाने मंदावली, तर मावा आणखी पुढे निघून जातो.

गहू, मटार आणि बटाटा

मोहरी हा अपवाद असेल असे मला वाटले होते. तो नाही. आमच्याच भागातल्या हिवाळी पिकांकडे पाहू.

गव्हाच्या कोवळ्या पानांत हायड्रॉक्झॅमिक आम्ले असतात. त्यांतले प्रमुख डिम्बोआ. माव्याला ते मानवत नाही, म्हणून ज्या वाणात ते अधिक तो वाण माव्याला अधिक टक्कर देतो. चिलीतल्या संशोधकांनी १९९२ साली वेगवेगळ्या प्रमाणात ही आम्ले असलेल्या गव्हांवरचा मावा तिथल्या एका ढालकिड्याच्या अळ्यांना खायला घातला. विष जितके जास्त तितका ढालकिड्याला त्रास जास्त, अशी कोणाचीही अटकळ असेल. प्रत्यक्षात वाढीला सर्वाधिक विलंब लागला तो मध्यम प्रमाण असलेल्या वाणांवर. कमी विषाच्या गव्हावरचा मावा निरुपद्रवी होता. फार विषारी गव्हावरचा मावा रसच कमी पीत होता, त्यामुळे त्याच्या अंगात विषही कमी गेले होते. मधल्या वाणांवरचा मावा मात्र पोटभर पीत होता आणि ते विष पुढे पोहोचवत होता.

मटाराची गोष्ट रसायनाची नाही, पाय टेकण्याची आहे. १९९० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात साधा मटार आणि पानांऐवजी ताणेच ताणे असलेला मटार यांची तुलना केली होती. ढालकिडे नसताना दोन्हींवर मावा सारखाच वाढला. ढालकिडे सोडल्यावर मात्र ताण्यांच्या मटारावरचा मावा अधिक घटला. साध्या मटाराच्या गुळगुळीत पानांवरून ढालकिडे घसरून पडत आणि ताण्यांना त्यांना घट्ट धरता येई. मटाराच्या पानांवर पांढुरकी, पुसली जाणारी मेणाची साय असते. ती कमी असलेल्या वाणांवरही ढालकिड्यांचे पाय अधिक चांगले टिकतात आणि मावा कमी राहतो, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. हैदराबादकडच्या वाचकांना कपाशी जवळची. तिथे तुडतुडे रोखण्यासाठी केसाळ पानांचे वाण उपयोगी पडतात, परंतु केसांच्या जंगलात नवजात अळीची चालही मंदावते.

बटाट्याची हकिकत सावधगिरी शिकवणारी आहे. बर्फफुलाच्या कंदातले एक प्रथिन, ज्याला लेक्टिन म्हणतात, ते तयार करणारे जनुक घातलेला बटाटा स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी तपासला. हेतू माव्याला रोखण्याचा होता. १९९९ साली त्यांनी कळवले की अशा बटाट्यावरचा मावा खाणाऱ्या दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यांच्या माद्यांचे आयुष्य आणि अंडी यांवर प्रतिकूल परिणाम झाला. जनुकीय पिकांवरच्या वादात ही बातमी तेव्हा गाजली. पण पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेच प्रथिन ढालकिड्यांना दिले, तेव्हा त्यातून तीव्र विषबाधा झाली नाही. म्हणजे एक शक्यता अशी की ढालकिड्याला विष बाधत नव्हते, तर अशक्त माव्याचे निकस जेवण बाधत होते. ‘पिकाने ढालकिड्याला मारले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्यातल्या कर्त्याची निवड घाईची ठरू शकते.

पीक हाकही मारते

झाडाच्या संरक्षणाची दुसरी बाजू सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. मावा लागलेले झाड हवेत वास सोडते आणि तो वास शिकाऱ्यांना बोलावतो. अमेरिकेत सोयाबीनवर झालेल्या २००५ च्या अभ्यासात मावा लागलेल्या झाडांतून मिथाइल सॅलिसिलेट अधिक बाहेर पडते आणि सात ठिपक्यांचा ढालकिडा त्याकडे ओढला जातो, असे दिसले. हा वास आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. गंधपुऱ्याच्या तेलाचा, गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा तो वास. चवळी तर आणखी पुढे जाते. तिच्या फुलोऱ्याच्या दांड्यावर मधाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे भक्ष्य नसतानाही ढालकिड्यांना तिथे थांबायला निमित्त मिळते. कपाशीच्या कडेने चवळी लावण्याच्या शिफारशीमागचे एक कारण हेच आहे.

तेव्हा एकच झाड ढालकिड्याला बोलावते, त्याच्या पायाखालची वाट घसरडी करते आणि ताटात तिखट वाढते. झाडाच्या लेखी यात विसंगती नाही. त्याचा प्रत्येक उपाय वेगवेगळ्या उपद्रवावर घडत गेला आहे. विसंगती वाटते ती आपल्याला, कारण आपण शत्रू आणि मित्र या दोनच रकान्यांत हिशेब मांडतो.

हिशेब कसा मांडावा

याचा अर्थ प्रतिकारक वाण नकोत असा नाही. इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातले हेल्मट फान एम्डन यांनी अनेक वर्षे मांडलेला मुद्दा मला पटतो. पूर्ण प्रतिकाराच्या मागे न लागता अर्धवट प्रतिकार आणि भक्षक कीटक यांची जोडी जमवावी. झाडाने माव्याची वाढ थोडी जरी मंदावली, तरी मागून येणाऱ्या ढालकिड्याला गाठायला वेळ मिळतो. मात्र ती वाढ कशाने मंदावते आणि त्याचा भार ढालकिड्यावर किती पडतो, हे वाण निवडतानाच पाहायला हवे.

मोहरीच्या बाबतीत हा प्रश्न आज ऐन चर्चेत आहे. ग्लुकोसिनोलेट अधिक असलेली पेंड कोंबड्या-डुकरांसारख्या प्राण्यांना मानवत नाही. म्हणून तेलात इरुसिक आम्ल दोन टक्क्यांहून कमी आणि पेंडीत दर ग्रॅमला ग्लुकोसिनोलेट तीस मायक्रोमोलहून कमी, असे ‘डबल झिरो’ वाण काढले जातात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा मोहरी ३१ हा त्यांतलाच. पण बियांबरोबर पानांतलेही शस्त्र गेले तर पीक उघडे पडते. राष्ट्रीय पादप जीनोम संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२३ साली जनुक-संपादनाने अशी मोहरी तयार केल्याचे प्रसिद्ध केले, जिच्या बियांत ही द्रव्ये कमी आहेत आणि पानांत पुरेशी टिकून आहेत. हे काम मोलाचे आहे. ढालकिड्याच्या बाजूने त्यात एकच गोष्ट जोडावीशी वाटते. मावा पानही खात नाही आणि बीही खात नाही. तो पानाकडून बीकडे वाहणारा रस पितो. त्या रसात काय वाहते, यावर त्याला खाणाऱ्या अळीचे भवितव्य ठरते. म्हणून नव्या वाणाची परीक्षा तिसऱ्या पायरीपर्यंत, ढालकिड्यापर्यंत, व्हायला हवी.

शेताच्या पातळीवर करण्यासारखे साधेच आहे. पेरणी वेळेवर करावी, कारण उशिराची मोहरी माव्याच्या ऐन भराला सापडते. डिसेंबर-जानेवारीत मावा दिसू लागला की लागलेले शेंडे खुडून नष्ट करावेत. फवारण्याआधी शेंड्यांवर माव्याबरोबर अळ्या, कोष आणि भुंगेरे किती आहेत ते मोजावे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एवढेच केले. बटईदाराने मुलांना घेऊन बांधाकडचे शेंडे खुडले. मी दोन रविवार शेतात गेले आणि प्रथमच त्या ‘मगरी’ जवळून पाहिल्या. एक अळी मावा तोंडात धरून बराच वेळ चघळत होती. तिला ठसका लागत असेल का, असे उगाचच मनात आले. एका कोपऱ्यात मावा आवरला नाही, तिथे शेवटी फवारावे लागले. बाकीचे शेत बिनफवारणीचे निघाले. उत्पन्न फार वाढले असे नाही, एका फवारणीचा खर्च वाचला आणि अळ्या वाचल्या.

बटईदार आता त्यांना ‘माहूखोर’ म्हणतो. हा शब्द त्याने स्वतःच केला आहे. माझ्या मते ‘अळी’पेक्षा तो शंभर पटींनी उपयोगी आहे, कारण तो ऐकून कोणी फवारायला धावणार नाही. मराठीतही ‘मावाखाऊ’ म्हणायला काय हरकत आहे?

वाचकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, एक विनंती करून थांबते. गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणची आपली मराठी कोकणी, कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू शेतांच्या शेजारी नांदते. त्या शेतांत किड्यांना, त्यांच्या पिल्लांना, कोषांना काय म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नाव लिहिताना तो किडा काय खातो, हेही त्याच्यापुढे लिहा. माझ्या वहीत पहिली नोंद झाली आहे: माहूखोर, ग्वाल्हेर-मुरैना, मोहरीवर, खातो तो मावा.